डबा कोठे आणून द्यायचा? चित्रपट-वारशाच्या जबाबदारांना खुले पत्र

प्रति,
चित्रपट-वारशाच्या जतनाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे ते केंद्र व राज्य शासनातील सर्व मंत्री, सचिव आणि अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी एका डब्यासाठी लिहीत आहे. पत्र्याचा गोल डबा, साधारण दहा इंच व्यासाचा, झाकणाच्या कडेला गंज धरलेला. आत एक हजार फुटांच्या आसपास फिल्म आहे आणि ती मूकपटाची आहे, एवढेच मला खात्रीने सांगता येते. २०१६ मध्ये आमच्या जुन्या घराचे छप्पर उतरवताना माळ्यावर असे पाच डबे निघाले. आज एकच उरला आहे. बाकीच्या चारांचे काय झाले, हे मी पुढे लिहितो, कारण त्यांच्या बाबतीत जे घडले ते केवळ माझ्या घरापुरते नाही, असे मला वाटते.

माझे आजोबा तंबूतल्या सिनेमात पेटी वाजवत. पडदा मुका असे, म्हणून पडद्याच्या बाजूला पेटी-तबला घेऊन माणसे बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकांसाठी कोणीतरी पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवी. पुढे आजोबांनी एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला आणि जत्रांमधून स्वतःच खेळ लावू लागले. बोलपट आले तसे मूकपटांच्या वापरलेल्या प्रिंटना कोणी विचारीना. त्या काळात अशा प्रिंट वजनावर विकल्या गेल्या, फिल्मवरचा थर धुऊन त्यातली चांदी काढली गेली आणि उरलेले सेल्युलॉइड किरकोळ वस्तू बनवायला गेले. आजोबांनी आपले डबे विकले नाहीत. का विकले नाहीत, ते विचारायला आम्ही उशिरा जन्मलो.

भारतात १९१२ ते १९३४ या काळात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले, असे अभ्यासकांच्या नोंदी सांगतात. काही जण हा आकडा सतराशेपर्यंत नेतात. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपात आज पाहता येतील असे चित्रपट तिसाच्या आतबाहेर आहेत. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले केवळ १४ टक्के होते आणि तेवढ्यावरही तिकडे हळहळ व्यक्त झाली. आपले प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या घरात येते. दादासाहेब तोरणे यांचा १९१२ चा ‘पुंडलिक’ नाही. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ज्यात पडद्यावर आल्या तो फाळक्यांचा १९१३ चा ‘मोहिनी भस्मासुर’ नाही. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम यांचा १९२६ चा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ नाही. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ नाही. त्यातली काळोखातली झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे एवढे दृश्य, ज्यांनी पाहिले त्यांनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला माहीत आहे. शांताराम नावाचा तरुण नट त्यात शेतकरी झाला होता. शेतकऱ्याची जमीन सावकार कशी गिळतो, हे या मातीत पहिल्यांदा पडद्यावर कसे दिसले असेल, ते आता कोणालाच पाहता येणार नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ तरी आहे, असे आपण दर ३ मे रोजी म्हणतो. त्या दिवशी, १९१३ मध्ये, गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात तो लागला. मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. हाती आहे ते १,४७५ फुटांच्या आसपास. शिवाय आपण जो तुकडा १९१३ चा म्हणून दाखवतो तो फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा आहे, असे काही अभ्यासकांनी आधार देऊन मांडले आहे. ज्या चित्रपटावरून आपण भारतीय सिनेमाचे वय मोजतो त्याच्याबद्दल ही स्थिती असेल, तर इतरांची काय कथा असेल याचा विचार व्हावा.

जे हरवले त्याबद्दल मी आज कोणालाही दोष देत नाही. फाळके, पेंटर, तोरणे यांच्या काळात फिल्म जपायची असते हे जगात फार थोड्यांना ठाऊक होते. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे एका ज्वालाग्राही सेल्युलॉइडची. ती पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच सोडते. आणि पेटली नाही तरी उष्ण, दमट हवेत ती आपोआप कुजते. माझी तक्रार आजची आहे. जे अजून हरवलेले नाही ते आपल्या डोळ्यांदेखत हरवत आहे आणि त्याला हवामानापेक्षा कार्यपद्धती अधिक कारणीभूत आहे.

आता त्या चार डब्यांविषयी. डबे निघाले तेव्हा दोन डबे उघडताच नाकात झोंबणारा उग्र वास आला. एकात फिल्मचे वेटोळे एकमेकांना चिकटून मधासारखे पिवळट झाले होते. उरलेले तीन मात्र बऱ्या स्थितीत होते. माझ्या एका छायाचित्रकार मित्राने त्यांतल्या एका रिळाची सुरुवातीची काही हात फिल्म काचेखाली दिवा लावून, हातमोजे घालून, तुकड्या-तुकड्याने टिपली. त्या चौकटींत एक नऊवारीतली बाई ओट्यावर बसली आहे. तिच्या मागे कंदील आहे आणि सगळी चौकट निळ्या रंगात बुडवलेली आहे. रात्र दाखवण्यासाठी तेव्हा फिल्म तशी रंगवत. मग पाटी येते. वर मराठी, खाली गुजराती, त्याखाली इंग्रजी. मराठीत दोनच शब्द आहेत: ‘त्याच रात्री’. त्याच रात्री काय झाले, हे पुढच्या रिळात होते.

मी एका सरकारी कार्यालयाला पत्र लिहिले. त्या कार्यालयाचे नाव इथे घेत नाही, कारण तिथले लोक वाईट नव्हते; त्यांच्या हातात दिलेली पद्धत वाईट होती. उत्तरादाखल एक अर्ज आला. त्यात चित्रपटाचे नाव, निर्मितीसंस्था, वर्ष आणि मालकीचा पुरावा, असे चार रकाने भरणे आवश्यक होते. मी चारही ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहिले आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. दुसऱ्यांदा मी सोबत चौकटींची छायाचित्रे जोडली. पाच महिन्यांनी दूरध्वनीवर सांगण्यात आले की, फिल्म टपालाने किंवा एसटीने पाठवू नये, स्वतः आणावी. हे बरोबरच होते. आम्ही गाडी केली, पहाटे निघालो, आणि फाटकावर समजले की नायट्रेट फिल्म आत घेण्याची परवानगी नाही. तीन तास थांबून, दोन-तीन साहेबांना भेटून आम्ही डबे घेऊन परत आलो. त्यानंतर दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर निळ्या रात्रीचे रीळ उघडले तेव्हा आत तपकिरी भुकटी होती. बोटाने चिमूट उचलली तर उचलली जात होती. चौकट, बाई, कंदील, काही नव्हते.

मला त्या रिळाचे नाव अजून ठाऊक नाही. तो कदाचित अगदी सामान्य चित्रपट असेल. पण हरवलेल्या गोष्टीची योग्यता ती पाहिल्याशिवाय ठरवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही, मलाही नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की, आपली सारी व्यवस्था चित्रपट चालत आपल्या दाराशी येईल आणि आपले नाव सांगेल, असे गृहीत धरून बसली आहे. जगात हरवलेले मूकपट असे सापडलेले नाहीत. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचा कापलेला भाग २००८ मध्ये ब्यूनोस आयर्समधल्या एका संग्रहालयात निघाला. डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांच्या ‘जोन ऑफ आर्क’ची मूळ प्रत १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयातून आली. कॅनडातल्या डॉसन सिटीत १९७८ मध्ये बांधकामासाठी खोदताना बुजवलेल्या पोहण्याच्या तलावातून पाचशेहून अधिक रिळे वर आली. गोठलेल्या जमिनीने ती जपली होती. आपल्याच १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा ५९४ मीटरचा भाग पॅरिसमधल्या सिनेमातेक फ्रान्सेज या चित्रपट संग्रहालयाकडे होता आणि त्याची डिजिटल प्रत २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला मिळाली. कोलकात्यात तयार झालेला चित्रपट पॅरिसमध्ये मिळू शकतो, तर तासगावच्या किंवा अकोल्याच्या माळ्यावर काय असेल, हे घरात बसून कसे ठरवणार? पी. के. नायर यांनी पुण्याच्या या संग्रहालयाची घडी बसवली ती वाट पाहत बसून नव्हे. ते स्वतः माणसांच्या दारी गेले आणि फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आपल्याकडे आहेत त्यांचे बरेचसे श्रेय त्यांच्या पायपिटीला आहे. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांची चिकाटी पदासोबत पुढे देण्याची व्यवस्था मात्र मला दिसत नाही.

दुसरी तक्रार यादीची. काय आहे, कोठे आहे, किती फूट आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि काय नाही, हे सर्वसामान्य मराठी वाचकाला एका ठिकाणी, त्याच्या भाषेत वाचायला मिळत नाही. अभ्यासकांनी आपले काम केले आहे. १९९४ मध्ये इटलीतल्या पोर्देनोने महोत्सवात भारतीय मूकपट दाखवले गेले, तेव्हा पुण्याच्या संग्रहालयातर्फे निघालेल्या ग्रंथात वीरचंद धरमसी यांनी मूकपटांची सविस्तर सूची दिली. पण ती सूची अभ्यासकांच्या कपाटात आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये हव्या असलेल्या ७५ हरवलेल्या चित्रपटांची नावे जाहीर केली आणि लोकांना शोधायला सांगितले. त्यातले काही सापडलेही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे ७,२०० हरवलेल्या मूकपटांची नावे खुली केली. आपल्या हरवलेल्या चित्रपटांची अशी हाक कोणी दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. काय शोधायचे हे ज्याला सांगितलेले नाही, तो डबा भंगारवाल्यालाच देणार.

तिसरी तक्रार पैशांच्या दिशेची आहे आणि ती मी काळजीपूर्वक मांडतो, कारण झालेले काम नाकारणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी ५९७ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. मे २०२२ मध्ये २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. परंतु हा पैसा जे हाती आहे त्याच्या डागडुजीचा आहे. जे हाती नाही ते शोधण्यासाठी वेगळी माणसे आणि वेगळी तरतूद मला या घोषणांत कोठे आढळली नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासह अनेक संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय घेतला आणि २०२२ मध्ये तो अमलात आला. महामंडळाचा स्वभाव निर्मिती आणि व्यवहाराचा असतो. ज्या रिळातून एक रुपयाही येणार नाही त्याच्यासाठी वीस वर्षे शोध घेणे हा संग्रहालयाचा स्वभाव असतो. या दोहोंची सांगड घालताना दुसऱ्याचा बळी जाणार नाही, याची लेखी हमी आजवर आम्हा नागरिकांच्या वाचनात आलेली नाही.

चौथी तक्रार मूळ प्रतीची. स्कॅन झाले म्हणजे जतन झाले, असा एक समज सर्वत्र रुजला आहे. जगभर अनेक ठिकाणी नायट्रेटची प्रत काढून मूळ फिल्म नष्ट केली गेली आणि पुढे कळले की, त्या प्रतीत मूळचे रंग उतरलेच नव्हते. निळी रात्र आणि पिवळसर दिवस कृष्णधवल झाले ते कायमचे. उद्याचे यंत्र आजच्यापेक्षा अधिक पाहू शकेल. पण त्यासाठी पाहायला मूळ वस्तू हवी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठीला आग लागून प्रभात फिल्म कंपनीच्या काळातले जे गेले, ते आठवले की अजूनही पोटात खड्डा पडतो. त्या आगीचा धडा ‘नायट्रेट नको’ असा घेतला गेला असेल, तर तो चुकीचा घेतला गेला. खरा धडा थंड, कोरड्या आणि वेगळ्या बांधलेल्या कोठीचा होता.

दाखवण्याबद्दल थोडेच लिहितो. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रित होत आणि त्यांचा वेग बहुधा सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या आसपास असे. तेच आज चोवीसच्या वेगाने दाखवले की माणसे दुडूदुडू धावू लागतात आणि प्रेक्षक हसतात. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या आरंभी फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. योग्य वेगात पाहिले तर त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक बदल दिसतो. घाईत पाहिले तर काही दिसत नाही. मूकपट बाळबोध असतात हा गैरसमज आपणच, आपल्या निष्काळजी प्रक्षेपणाने पसरवला आहे.

या साऱ्यावर माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक जिल्ह्यात एक नाव, एक दूरध्वनी क्रमांक आणि एक दार जाहीर करावे, जिथे जुनी फिल्म असलेला माणूस जाऊ शकेल. ओळख न पटलेली फिल्म स्वीकारली जाईल, असा स्पष्ट आदेश निघावा. नाव शोधणे हे तज्ज्ञांचे काम आहे, देणाऱ्याचे नव्हे. नायट्रेट धोकादायक आहे, म्हणूनच ती लोकांना आणायला सांगू नये. प्रशिक्षित माणसांचे एक पथक योग्य वाहनासह त्या घरी जावे. मालकीचे प्रश्न नंतर सोडवावेत, आणि देणाऱ्याला स्कॅनची प्रत व नोंदीत त्याच्या कुटुंबाचे नाव मिळावे. जुन्या संग्राहकांच्या मनात कारवाईची धास्ती आहे. ठरावीक मुदतीत फिल्म देणाऱ्याला कोणतीही चौकशी होणार नाही, असे अभय देण्यात यावे.

उपलब्ध आणि हरवलेल्या मूकपटांची यादी मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावी. तिच्यातून निदान शंभर चित्रपट निवडून, त्यांची जी छायाचित्रे, जाहिराती व चोपड्या उपलब्ध आहेत त्यांसह, ‘हे आम्ही शोधत आहोत’ असे पत्रक ग्रंथालये, ग्रामपंचायती, जुनी चित्रपटगृहे आणि भंगार बाजार यांच्यापर्यंत पोहोचवावे. भंगार बाजार मी मुद्दाम लिहिले आहे. परदेशांतल्या संग्रहालयांनाही तीच यादी पाठवावी. आपले मूकपट ब्रह्मदेश, सिलोन, मलाया, पूर्व आफ्रिकेपर्यंत जात होते आणि गेलेल्या सगळ्याच प्रिंट परत आल्या असतील असे नाही.

कागदही गोळा करावेत. १९२० पासूनच्या सेन्सॉरच्या नोंदी, वृत्तपत्रांतल्या जाहिराती, तंबूमालकांच्या हिशेबाच्या वह्या, पाट्यांचे मसुदे. चित्रपट नाहीच मिळाला तर निदान तो काय होता, हे त्यांतून कळेल. आणि कोठेतरी निनावी रीळ निघालेच, तर ‘त्याच रात्री’ ही पाटी कोणत्या चित्रपटातली, हे त्यांच्यावरूनच ओळखता येईल.

नायट्रेटसाठी निकषांनुसार शीतकोठी बांधावी, स्कॅननंतरही मूळ फिल्म नष्ट होणार नाही असा नियम करावा आणि शोधासाठी वारसा अभियानात खर्चाचे स्वतंत्र शीर्ष ठेवावे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो; म्हणजे प्रत्येक भारतीय मूकपट आज जनतेचा आहे. तेव्हा जे उरले आहे ते योग्य वेगात, मूळ रंगांत, विनाशुल्क सर्वांना पाहता यावे.

माझ्याकडचा पाचवा डबा अजून शाबूत आहे. मी तो घरात ठेवत नाही. शेतातल्या हवेशीर खोलीत, विजेपासून आणि चुलीपासून लांब ठेवला आहे. गेल्या महिन्यात झाकण उचलले तेव्हा वास सुरू झालेला होता, पण वेटोळे अजून सुटे आहेत. पहिल्या काही फुटांत एक घोडेस्वार आहे आणि मागे किल्ल्याची तटबंदी आहे. त्यापुढे मी उलगडलेले नाही, कारण माझ्या हातून ते तुटेल. येत्या पावसाळ्याआधी हा डबा कोठे, कोणाकडे आणून द्यायचा, एवढे या पत्राच्या उत्तरात कळवावे.

आपला,
एका तंबूवाल्याचा नातू